ऑफिसातल्या सॉफ्टवेअर लायसन्सचा हिशेब: आधी बिलं, मग मशिनं

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला चाळीस मशिनांचा (म्हणजे कॉम्प्युटरांचा) कारखाना असो की नवी मुंबईत महाप्यातली पन्नास जणांची सर्व्हिस कंपनी, लायसन्सचा हिशेब करायला बसलं की बहुतेक जण सुरुवातच चुकीच्या टोकाने करतात. हार्डवेअरवाल्याला बोलावतात, तो प्रत्येक पीसीवर बसून काय काय टाकलंय ते एक्सेलमध्ये उतरवतो, आणि ती शीट कुठल्या तरी फोल्डरमध्ये पडून राहते. काय बसवलंय ते त्यातून कळतं. त्यातलं आपल्या हक्काचं किती, हे कळत नाही. मग घाबरून खरेदी होते, तीही नको त्या गोष्टींची.

खालचा क्रम म्हणून उलटा आहे: आधी हक्काचे कागद, मग मशिनं, मग ताळा, आणि सगळ्यात शेवटी खरेदी. साधारण २० ते १५० मशिनं असलेल्या, स्वतंत्र आयटी विभाग नसलेल्या ऑफिसांसाठी हे लिहिलं आहे. पन्नासेक मशिनांना रोजची कामं सांभाळून तीन आठवडे धरा.

पूर्वतयारी

एक माणूस ठरवा. तो अकाउंट्सचा असो किंवा ॲडमिनचा, कंपनीचा पगारी हवा. बाहेरचा एएमसीवाला (वार्षिक देखभालीचा कंत्राटदार) यादी करायला मदत करू शकतो, पण नोंदवही त्याच्या ताब्यात देऊ नका. विकणारा तोच, बसवणारा तोच आणि तपासणाराही तोच, अशा हिशेबाला अर्थ नाही.

कंपनीच्या डोमेनवर फक्त लायसन्ससाठी एक मेलबॉक्स उघडा आणि त्याचा पासवर्ड किमान दोघांकडे ठेवा. इथून पुढे प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीचं खातं याच पत्त्यावर उघडायचं. सध्याची खाती कोणाच्या नावावर आहेत ते पाहिलंत तर हा मुद्दा समजावून सांगावा लागणार नाही. रबाळ्याच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत ऑटोकॅडचं सबस्क्रिप्शन नोकरी सोडून गेलेल्या ड्राफ्ट्समनच्या खासगी जीमेलवर निघालं. पैसे कंपनी भरत होती, आणि रिन्युअलचे मेल त्याला जात होते.

मोजणी संपेपर्यंत नवीन सॉफ्टवेअर खरेदी, फॉर्मॅट आणि मशिनांची अदलाबदल थांबवा.

आणि मालकांकडून एक दोन ओळींचा मेल काढून घ्या: मोजणीत जे निघेल त्याबद्दल कुणाला बोल लावला जाणार नाही. हा मेल नसेल तर लोक आदल्या रात्री क्रॅक (लायसन्स चुकवून चालवलेलं सॉफ्टवेअर) काढतात आणि तुमची पाठ फिरली की परत टाकतात.

१. हक्काचे कागद गोळा करा

की म्हणजे लायसन्स असा समज फार पसरलेला आहे. पंचवीस अक्षरांची की कुणीही व्हॉट्सॲपवर पाठवू शकतो. तुमचा हक्क तीन गोष्टींवर उभा असतो: कंपनीच्या नावाचं बिल, लायसन्सच्या अटी, आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या पोर्टलवर तुमच्या खात्यात दिसणारी नोंद.

बिलं शोधायच्या जागा:

- टॅलीतली सॉफ्टवेअर, कॉम्प्युटर खर्च, सबस्क्रिप्शन आणि एएमसी ही लेजर. जुनी बिलं बऱ्याचदा स्थिर मालमत्तेत कॉम्प्युटरच्याच रकमेत मिसळलेली असतात, कारण आयकरात कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअर दोन्हींचा घसारा ४० टक्क्यांनीच निघतो आणि वेगळं दाखवायची तसदी कुणी घेत नाही.
- जीएसटी पोर्टलवरचा जीएसटीआर-२बी. व्हेंडरने तुमच्या जीएसटीआयएनवर लावलेलं बिल इथे दिसतं. बिलाची प्रत हरवली असली तरी व्हेंडरचं नाव, तारीख आणि नंबर मिळतो, त्यावरून प्रत मागवता येते.
- डायरेक्टरांच्या क्रेडिट कार्डाची स्टेटमेंट्स. डिझाइन, क्लाउड, झूम वगैरेची महिन्याची वर्गणी इथेच लपलेली असते.

प्रत्येक बिलावर पाच गोष्टी पाहा: उत्पादनाचं पूर्ण नाव आणि आवृत्ती, संख्या, मुदत, मोजणीचं माप (मशिन, माणूस की सर्व्हर) आणि खरेदीदाराचं नाव. "सॉफ्टवेअर, १ नग" असं बिल काही कामाचं नाही. व्हेंडरकडून तपशिलाचं पत्र आणि मूळ कंपनीची ऑर्डरची पावती लेखी मागा. तो टाळाटाळ करायला लागला तर ते लायसन्स नाही असं धरूनच पुढे चला.

सावध: पार्टनरशिपची प्रायव्हेट लिमिटेड झाली असेल, किंवा दोन भावांनी धंदा वाटून घेतला असेल, तर जुन्या नावाची लायसन्सं आपोआप नव्या कंपनीकडे येत नाहीत. ती नावावर करून घ्यायची पद्धत प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीची वेगळी असते. अशी बिलं बाजूला काढा आणि आधी ते पत्रव्यवहार सुरू करा, त्यांना वेळ लागतो.

२. मशिनांना नंबर द्या

प्रत्येक मशिनला एकच कायमचा नंबर. जागा, प्रकार, क्रमांक एवढं पुरे: "ठाणे-लॅपटॉप-०१४". नंबरात माणसाचं किंवा विभागाचं नाव घालू नका, माणसं आणि विभाग बदलतात. कागदी स्टिकर इथल्या पावसाळी दमट हवेत दोन महिन्यांत सोलतात, पॉलिएस्टरचे घ्या. लॅपटॉपच्या अंगावर लावा, चार्जरवर किंवा बॅगेवर नको.

नंबराशेजारी कंपनीचा सिरियल नंबर, खरेदीची तारीख, बिल नंबर, सध्या कोणाकडे आहे आणि विंडोजची आवृत्ती लिहा. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याचं लायसन्स रद्द झालेलं नाही, पण पैसे भरून वाढीव मुदत घेतली नसेल तर सुरक्षा अपडेट येत नाहीत. अशी मशिनं वेगळ्या रंगात ठेवा.

डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअर चालायला मशिनला लावावं लागणारं छोटं उपकरण, हीही मालमत्ताच आहे. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं जुनं डोंगल, डिजिटल सिग्नेचरचा टोकन, सीएनसीच्या प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरची लॉक-की या सगळ्यांना नंबर द्या. डोंगल हरवलं की अनेक कंपन्या नवीन लायसन्स घ्यायला लावतात.

सावध: नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांत सीएनसीला किंवा टेस्टिंगच्या यंत्राला जोडलेला जुना पीसी असतो. त्यावर एजंट (मशिनवरच्या सॉफ्टवेअरची यादी काढणारा छोटा प्रोग्रॅम) टाकू नका, अपडेट मारू नका, फक्त नोंद करा. त्यावरचं विंडोज यंत्रासोबत आलेलं असतं. ते हललं तर यंत्र बंद पडेल आणि दोष तुमच्यावर येईल.

३. काय बसवलंय ते काढा

तीसपर्यंत मशिनं असतील तर हाताने करा, त्यापुढे यादी काढणारं एखादं टूल लावा. जीएलपीआय हे टूल मोफत आणि मुक्तस्रोत आहे, त्याचा एजंट मशिनवरची यादी स्वतःच पाठवतो. घरून काम करणाऱ्यांचे लॅपटॉप पहिल्या दिवशी दिसणार नाहीत, म्हणून एजंट निदान दोन आठवडे चालू द्या आणि दुसऱ्या टप्प्यातल्या नंबरांशी ताडून कोण राहिलं ते पाहा.

टूलने काढलेल्या यादीत हजारभर नावं येतात. त्यातले ड्रायव्हर, व्हिज्युअल सी++ ची पॅकेजेस, प्रिंटरची भर घालणारी सॉफ्टवेअर काढून टाका. हिशेब करण्याजोगी नावं तीस-चाळीसच उरतात.

विंडोजची तपासणी मात्र प्रत्येक मशिनवर करा. कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर, एक स्पेस, मग तिरकी रेघ आणि तिला चिकटून डीएलव्ही, असं इंग्रजी अक्षरांत टाइप करा (slmgr /dlv). उघडलेल्या खिडकीत वरच्या दोन-तीन ओळींतच "चॅनल" असा शब्द दिसेल. त्याच्या आधीचा शब्द पाहा:

- ओईएम असेल तर विंडोज मशिनसोबत आलेलं आहे आणि त्या मशिनसोबतच जाईल. ते काढून दुसऱ्या मशिनवर टाकता येत नाही.
- रिटेल असेल तर बिल शोधा. हे एका वेळी एकाच मशिनवर चालतं, पण हलवता येतं.
- व्हॉल्यूम असेल आणि तुमच्या कंपनीचा व्हॉल्यूम करारच (एकाच करारात अनेक मशिनांची लायसन्सं) नसेल, तर कुणीतरी क्रॅक टाकलाय. त्याच खिडकीत खाली केएमएस सर्व्हरचं (व्हॉल्यूमचं विंडोज ॲक्टिव्हेट करणाऱ्या सर्व्हरचं) नाव दिसलं, आणि असा सर्व्हर तुम्ही कधी बसवलाच नसेल, तर शंकाच नको.

व्हॉल्यूम करार असला तरी एक मेख आहे. त्यातलं विंडोज हे अपग्रेड असतं. खाली मूळ विंडोजचं लायसन्स असावंच लागतं. लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेल्या कोऱ्या पीसीवर नुसतं व्हॉल्यूमचं विंडोज टाकलं तर ते अपुरं ठरतं.

तपासा: मशिनांचा आकडा, एजंटने कळवलेला आकडा आणि एचआरच्या पगारपत्रकातली माणसं हे तिन्ही समोरासमोर ठेवा. फरक असेल तर प्रत्येक फरकाला कारण लिहा. कारण न सापडलेलं मशिन म्हणजे बहुधा कुणाच्या तरी घरी असलेला लॅपटॉप.

४. ताळा घाला

खरं काम इथे आहे, आणि बहुतेकांचं इथेच चुकतं, कारण ते "बसवलेले वजा विकत घेतलेले" एवढंच गणित करतात. प्रत्येक उत्पादनाचं माप वेगळं असतं.

समजा ४२ मशिनांचं ऑफिस आहे. बिलं मिळाली ती अशी: मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस स्टँडर्डचे २० युजर, आणि लॅपटॉपसोबत आलेली ऑफिस होम अँड बिझनेस ८. मोजणीत ऑफिस सापडलं ४१ मशिनांवर. म्हणजे तूट १३?

उघडून पाहू. वीस युजरांच्या स्वतःच्या वापरातली मशिनं २५ आहेत, कारण पाच जणांकडे डेस्कटॉप आणि लॅपटॉप दोन्ही आहेत. हे नियमात बसतं. त्या प्लॅनमध्ये एका युजरला पाच पीसींपर्यंत मुभा आहे. होम अँड बिझनेस आठपैकी सात मशिनांवर आहे, आठवा लॅपटॉप भंगारात गेला आणि त्याच्यासोबतचं ऑफिसही गेलं. झाली ३२. उरलेल्या नवांपैकी चार मशिनांवर होम अँड स्टुडंट आहे, जे घरगुती वापरासाठीच असतं. तिनांवर करार नसताना व्हॉल्यूमची की आहे. शेवटची दोन शॉपफ्लोअरवरची: स्टोअर मॅनेजरच्या खात्याने साइन इन करून ठेवलेली, आणि तीन पाळ्यांत मिळून सहा जण वापरतात. टूलला ही दोन बिनचूक दिसतात, पण लायसन्स माणसाचं आहे आणि ते सहा जणांत वाटून वापरता येत नाही.

शिवाय त्या वीस युजरांपैकी दोघं मागेच नोकरी सोडून गेलेत. त्यांची दोन लायसन्सं मोकळी. शॉपफ्लोअरवर डिस्पॅचची शीट बघण्यापलीकडे काही होत नाही, तिथे लिब्रेऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर चालतं. म्हणजे विकत घ्यायची ती पाच. तेरा किंवा वीस घेण्याची गरज नव्हती.

"फुकट आहे" म्हणून सोडून दिलेल्या नावांकडे याच टप्प्यात वळा. विनरारची ४० दिवसांची चाचणी संपली तरी ते चालत राहतं, लायसन्स मात्र लागतं. दुसऱ्याचं मशिन दुरून चालवायच्या टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्कचा मोफत वापर खासगी कामापुरता असतो. ओरॅकलच्या जावा ८ चे एप्रिल २०१९ नंतरचे अपडेट धंद्यासाठी सशुल्क झाले, आणि २०२३ पासूनचा त्यांचा दर एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येवर लागतो, जावा किती मशिनांवर आहे त्यावर नाही. जावाची मुक्तस्रोत आवृत्ती ओपनजेडीके वापरून चालत असेल तर आजच बदला. प्रोग्रॅमर वापरतात ते डॉकर डेस्कटॉप छोट्या कंपन्यांना मोफत आहे, पण २५० पेक्षा जास्त कर्मचारी किंवा १ कोटी डॉलरपेक्षा जास्त उलाढाल झाली की पैसे भरावे लागतात.

टॅली सर्व्हरवर टाकून सगळे रिमोट डेस्कटॉपने शिरतात, ही व्यवस्था तुर्भे-वाशीच्या व्यापारी ऑफिसांत सर्रास दिसते. तिथे चार वेगवेगळी लायसन्सं मोजावी लागतात: विंडोज सर्व्हर, प्रत्येक वापरकर्त्याचं सर्व्हर कॅल (सर्व्हर वापरायची परवानगी देणारं लायसन्स), त्याशिवाय प्रत्येकाचं रिमोट डेस्कटॉप कॅल, आणि टॅलीचं मल्टियूजर, म्हणजे गोल्ड. रिमोट डेस्कटॉपच्या कॅलविना १२० दिवस चालतं, मग बंद पडतं. तेव्हा साध्या विंडोज १० वर पॅच मारून एका वेळी पाच जणांना शिरू देणारा "उपाय" हार्डवेअरवाला सुचवतो. तो घेऊ नका. परवानाभंग तर आहेच, वर अकाउंट्सचं मशिन उघडं पडतं.

५. तूट भरा, पण या क्रमाने

आधी काढा: जे सहा महिन्यांत कुणी उघडलंच नाही ते. मग बदला: जिथे मोफत आणि कायदेशीर पर्याय पुरतो तिथे, उदाहरणार्थ विनरारऐवजी सेव्हन-झिप. मग मोकळी लायसन्सं फिरवा. खरेदी सर्वांत शेवटी.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर निघालं तर खरेदीची वाट न पाहता काढा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब प्रमाणे नकली प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. कलम ६९ खाली कंपनीचा कारभार पाहणारेही जबाबदार धरले जातात. "कर्मचाऱ्याने टाकलं, आम्हाला ठाऊक नव्हतं" हे सिद्ध करावं लागतं, नुसतं म्हणून भागत नाही.

सावध: ऑनलाइन काही शेकड्यांत मिळणारी "लाइफटाइम" की घेऊ नका. ती बहुधा दुसऱ्याच्या व्हॉल्यूम करारातली किंवा भंगार मशिनातली असते. ॲक्टिव्हेट होते, हक्क मिळत नाही.

६. चार दारं सांभाळा: जॉइनिंग, एक्झिट, फॉर्मॅट, भंगार

एकदा केलेला हिशेब याच चार ठिकाणी बिघडतो.

जॉइनिंगला नवा लॅपटॉप माणसाच्या हातात खोक्यासकट देऊ नका. सोबत आलेलं ऑफिस पहिल्यांदा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू होतं त्याला चिकटतं. नव्या मुलाने स्वतःच्या मेलने साइन इन केलं की ते त्याचं झालं. आधी कंपनीच्या खात्याने सुरू करा, मग द्या. शोरूममधून आणलेल्या लॅपटॉपवर बहुधा विंडोज होम सिंगल लँग्वेज असतं आणि ते डोमेनला जोडता येत नाही, हेही खरेदीपूर्वी पाहा.

एक्झिटला लायसन्स परत घेतल्याची सही फुल अँड फायनलच्या कागदावर आणा, आयडी कार्डाच्या ओळीखालीच. खातं डिलीट करायच्या आधी मेल आणि वनड्राइव्ह दुसऱ्याकडे वळवा. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये डिलीट केलेला युजर ३० दिवसच परत आणता येतो.

फॉर्मॅट मारायच्या आधी टॅलीचं लायसन्स सरेंडर करा, म्हणजे त्या मशिनवरून सोडवून घ्या. ही एक ओळ छापून सर्व्हरच्या कपाटावर चिकटवा. सरेंडर न करता डिस्क पुसली, आणि टॅलीचं ॲडमिन खातं जुन्या अकाउंटंटच्या मेलवर असलं, की महिनाअखेरीला बिलं अडतात.

भंगारासाठी आधी डिस्क पुसा, खात्यांमधून ते मशिन काढा, नोंदवहीत तारीख टाका. मशिन रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत रिसायकलरकडे द्या आणि पावती ठेवा.

७. रिन्युअलचं कॅलेंडर

मुदतीच्या ९०, ३० आणि ७ दिवस आधीच्या तारखा टाका. नव्वदाव्या दिवशी मोजायचं, तिसाव्याला भाव ठरवायचा. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या वार्षिक करारात युजर कमी करायचे असतील तर ते रिन्युअलच्या वेळी किंवा त्यानंतरच्या ७ दिवसांत करावे लागतात, मग वर्षभर तेवढ्याचेच पैसे.

ऑटो-रिन्युअलवर विसंबू नका. आरबीआयच्या ई-मँडेट नियमांमुळे भारतीय कार्डावरून १५,००० रुपयांपेक्षा मोठी आवर्ती रक्कम कापताना दर वेळी ओटीपी लागतो. तो मेसेज डायरेक्टरांच्या फोनवर येतो, ते मीटिंगमध्ये किंवा विमानात असतात, आणि सोमवारी सकाळी अख्ख्या डिझाइन विभागाचं सॉफ्टवेअर बंद.

८. सॉफ्टवेअर कंपनीकडून ऑडिटचं पत्र आलं तर

आधी ते काय आहे ते ओळखा. "तुमच्या लायसन्सचा मोफत आढावा घेऊ" असा मेल बऱ्याचदा विक्री वाढवण्यासाठी असतो आणि तो नाकारता येतो. करारातल्या ऑडिटच्या कलमाचा उल्लेख असलेली नोटीस किंवा वकिलाचं पत्र वेगळं. त्याला मुदतीत उत्तर द्यावंच लागतं.

पोच लेखी द्या आणि पुढचं सगळं एकाच माणसाकडून जाऊ द्या. रिसेप्शनवर फोन आला तर "मेल पाठवा" एवढंच. त्यांनी पाठवलेलं टूल अख्ख्या नेटवर्कवर चालवायच्या आधी करारात ते बंधनकारक आहे का, हे वकिलाला विचारा. नोटीस एका उत्पादनाची असेल तर उत्तरही त्या एकाच उत्पादनाचं द्या.

पत्र मिळाल्यावर घाईने सॉफ्टवेअर काढू नका. बसवल्याच्या आणि काढल्याच्या खुणा मशिनवर राहतात, आणि पुरावा नष्ट केल्याचा आरोप मूळ तुटीपेक्षा जड पडतो. वापर थांबवा आणि पुढचं वकिलाच्या सल्ल्याने करा. मागची तारीख टाकलेलं बिल देतो म्हणणाऱ्या व्हेंडरला दारातूनच परत पाठवा. मूळ कंपनीकडे विक्रीची खरी तारीख असते.

तडजोड झाली तर मागच्या वापराबद्दल पुढे दावा राहणार नाही, हे वाक्य कागदावर हवं. कंपनीची सगळी नावं आणि ठाणे, महापे, जिथे जिथे ऑफिस असेल ते सगळे पत्ते त्यात आलेत ना हे पाहा, आणि ते सहीनिशी हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका.